आर्वीच्या उन्हात जुळवलेले डकोटा : १:७२ प्रमाणाच्या संचाचे परीक्षण

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मागवलेला डकोटा या दोन इंजिनांच्या जुन्या वाहतूक विमानाचा प्लास्टिक संच या फेब्रुवारीत पूर्ण झाला आणि आता माझ्या कपाटात उभा आहे. संच १:७२ प्रमाणाचा आहे. म्हणजे खऱ्या विमानाचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे सुमारे २९ मीटरचे पंख येथे ४० सेंटिमीटरमध्ये बसतात आणि १९.४ मीटरची लांबी २७ सेंटिमीटरवर येते. संच बनवणाऱ्या परदेशी कंपनीचे आणि तो पाठवणाऱ्या विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण माझ्या डब्यात जे बिघडलेले निघाले त्यातले साच्याचे किती, वाहतुकीचे किती आणि आमच्याकडच्या मे महिन्याचे किती, याचा निवाडा मला करता आलेला नाही. मात्र ज्यांनी दोन-तीन कंपन्यांचे डकोटा बांधले आहेत त्यांच्या सांगण्यावरून, पुढे लिहिलेल्या बहुतेक अडचणी कोणताही डबा उघडला तरी कमीअधिक प्रमाणात समोर येतात.

हे सांगणारे लोक कोण, ते आधी लिहिणे आवश्यक आहे. कारण संचाचे गुणदोष मला एकट्याला कळले असते असे नाही. मी आर्वी तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी दाढेच्या दुखण्यासाठी अमरावतीला गेलो असता दंतवैद्यांच्या काचेच्या कपाटात जबड्यांच्या नमुन्यांशेजारी एक रणगाडा आणि दोन विमाने दिसली. दाढ दोन बैठकांत बरी झाली, परंतु माझे तेथे जाणे चालूच राहिले. डॉक्टरांमुळे पुलगावच्या एका निवृत्त सार्जंट काकांची ओळख झाली. सत्तरच्या दशकात हवाई दलात असताना काकांनी खऱ्या डकोटाच्या पत्र्याचे आणि सांगाड्याचे काम केलेले आहे. आमच्या गावातील मोटार रिवाइंडिंग करणारे भाऊ आणि आर्वीच्या बाजारातील रेडियमचे दुकानदार हे दोघे स्वतः काही बांधत नाहीत, तरी या विमानात त्यांचाही वाटा आहे.

डकोटाच का, या प्रश्नाचे उत्तर घरगुती आहे. माझे वडील टपाल खात्यात होते आणि १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालाची हकिकत ते आवडीने सांगत. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडण्यापूर्वी ती आपापल्या शहरी परतत. सुरुवातीला हे काम डकोटांनीच केले. मला त्या टपालाचे विमान करायचे होते. परंतु त्यावरील रंगपट्ट्यांचे खात्रीचे छायाचित्र हाती लागले नाही आणि अंदाजाने रंगवणे सार्जंट काकांना मान्य नव्हते. त्यांच्याकडे स्वतःचे एक कृष्णधवल छायाचित्र होते, ज्यात ते हवाई दलाच्या डकोटाच्या पंखाखाली उभे आहेत. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरवणारे विमान याच जातीचे, आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या वाळूत उतरवले तेही याच जातीचे, असे त्यांनी मला दोनदा ऐकवल्यावर टपालाचा विषय मी मागे ठेवला.

आता डब्याविषयी. करड्या प्लास्टिकच्या सहा चौकटी, एक पारदर्शक चौकट, डिकलचे, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील चिन्हांचे, एक पत्रक आणि चित्रांची पुस्तिका एवढा ऐवज आत निघाला. प्लास्टिक थोडे मऊ आहे. चौकटीपासून भाग वेगळे करताना नखे कापण्याच्या साधनाने काम भागवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास कड चिरडते आणि पांढरा डाग पडतो. सपाट पात्याची पक्कड या कामी घेतलीच पाहिजे. पुस्तिका मात्र निराशाजनक आहे. चाकांचे पाय इंजिनाच्या कवचाचे दोन भाग जुळवण्याआधीच बसवण्यास ती सांगते; तसे केले की पुढचे सगळे घासकाम आणि रंगकाम त्या काडीएवढ्या पायांना सांभाळत करावे लागते. आम्ही पायांचे वरचे टोक किंचित कापून ते अगदी शेवटी आत सरकवले. याहून मोठी उणीव पंखांच्या चढाची. डकोटाच्या पंखाचा मधला, इंजिने धरणारा भाग जवळजवळ सपाट असतो आणि इंजिनांच्या पलीकडचे बाहेरचे पंख टोकाकडे वर चढत जातात. पुस्तिकेत हा कोन कोठेही दाखवलेला नाही, आणि जोडाची खाच एवढी सैल आहे की पंख आपल्या मनाला येईल तसा बसतो. शाळेतल्या वह्यांच्या जुन्या पुठ्ठ्यांचे दोन सारखे आधार कापून, त्यांवर पंख टेकवून आणि रात्रभर तसेच ठेवून हा प्रश्न मी सोडवला. एक गोष्ट मात्र सोपी आहे: हे विमान शेपटीच्या चाकावर बसणारे असल्यामुळे, पुढे चाक असलेल्या अनेक संचांप्रमाणे ते मागे कलू नये म्हणून नाकात शिशाचे तुकडे भरत बसावे लागत नाही.

उजव्या बाहेरच्या पंखाचा वरचा भाग डब्यातूनच वाकडा निघाला. काचेवर ठेवला असता त्याचे टोक साधारण तीन मिलीमीटर वर राहत होते. पार्सल कुरिअरवाल्यांच्या पत्र्याच्या गोदामात चार दिवस पडून होते आणि त्या आठवड्यात पारा ४५ अंशांच्या पुढे होता. तेव्हा पत्र्याखाली डब्यावर डबे रचलेले असताना आतल्या पातळ प्लास्टिकचे काय होत असेल याची कल्पना करता येते. मी विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. बदली भाग परदेशातून मागवावा लागेल, वेळ लागेल, असे उत्तर आले. तोवर थांबण्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलेला उपाय केला. हात घालवणार नाही एवढ्या, पण न उकळलेल्या पाण्यात भाग अर्धा मिनिट बुडवायचा, दोन जाड काचांमध्ये दाबायचा आणि पूर्ण थंड होईपर्यंत हलवायचा नाही. पहिल्या खेपेला मी घाईने काच उचलली आणि पंख पुन्हा कमान झाला. दुसऱ्या खेपेला काचांवर गव्हाची दहा किलोची पिशवी ठेवून सरळ शाळेत निघून गेलो. संध्याकाळी पंख सरळ होता.

संचाचा सर्वांत उजवा भाग म्हणजे इंजिने. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे ट्विन वास्प हे १,२०० अश्वशक्तीचे इंजिन, त्याचे १४ सिलिंडर सात-सातच्या दोन रांगांत, आणि व्यास सुमारे १.२२ मीटर. संचातील इंजिनाचा व्यास मी मोजला तो १७ मिलीमीटर भरला, म्हणजे अगदी बरोबर. एवढ्याशा चकतीवर सिलिंडरांच्या थंडाव्यासाठीच्या बारीक कडा स्पष्ट उठल्या आहेत. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना जाणाऱ्या तारा मात्र संचात नाहीत, त्या आपण करायच्या. येथे रिवाइंडिंगवाले भाऊ उपयोगी पडले. पंपाच्या मोटारीची तार या कामाला दोरखंड ठरली असती. परंतु एका छोट्या जळालेल्या रिलेच्या कॉइलमधून त्यांनी ४० गेजची तांब्याची तार उलगडून दिली. तिची जाडी ०.१२ मिलीमीटर आहे, तिला ७२ ने गुणले की साधारण ९ मिलीमीटर होतात आणि इंजिनाच्या तारेला ती जाडी शोभते. समोरून दिसणाऱ्या सात सिलिंडरांना प्रत्येकी दोन, म्हणजे एका इंजिनाला १४ आणि दोन्ही मिळून २८ तुकडे कापून चिमट्याने लावण्यात चार रविवार गेले. भाऊ दुकान बंद करून एकदा पाहायला आले, भिंगातून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, हे मोटर जळली तं माह्याकडं आणू नका बाप्पा."

पत्र्याच्या जोडांच्या रेघा हा या संचाचा माझ्या मते खरा दोष आहे. जोडलेले पंख घेऊन मी पुलगावला गेलो तेव्हा काकांनी चष्मा लावून ते उजेडात धरले आणि विचारले, "हे पंख आहे का नांगरलेलं वावर?" त्यांचे म्हणणे हिशेबानेही खरे ठरते. संचावरील रेघ मी डॉक्टरांकडील बारीक मोजपट्टीने मोजली, ती सुमारे ०.२ मिलीमीटर रुंद आहे. ७२ पटीने वाढवल्यास खऱ्या विमानावर तेथे १४ मिलीमीटरची फट पडली पाहिजे, ज्यात बोट सहज जाईल. शिवाय डकोटाच्या अंगावर पत्रे एकमेकांना टेकवून नव्हे, तर बहुतांशी एकावर एक चढवून रिव्हेट मारलेले असतात, त्यामुळे तेथे खाच नसून बारीकशी पायरी असते. सगळ्या रेघा बुजवून पायऱ्या करणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. काकांनी तडजोड सुचवली. मिस्टर सरफेसर ५०० हा दाट प्रायमर कुंचल्याने रेघांत भरायचा, वाळल्यावर ८०० आणि मग १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायचा, म्हणजे रेघ पूर्ण बुजत नाही पण उथळ होते. एकाच ठिकाणी मात्र त्यांनी तडजोड केली नाही. मधला पंख आणि बाहेरचा पंख शेकडो बोल्टांनी जोडलेले असतात आणि त्या जोडावरून पत्र्याची एक पट्टी फिरते. संचात तेथे नुसती खाच आहे. मास्किंग टेपच्या दीड मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्या मी चारी ठिकाणी वरखाली गुंडाळल्या आणि त्यांवर प्रायमर मारला. पाहणाऱ्याच्या लक्षात न येणारी ही गोष्ट काकांनी पुढच्या भेटीत सर्वांत आधी पाहिली.

खिडक्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांची आठवण सुखाची नाही. त्या एकेक करून धडाच्या आतल्या बाजूने चिकटवायच्या आहेत, काच भिंगासारखी जाड आहे आणि बसण्याची जागा एका केसाने मोठी आहे. फेविक्विकसारखा झटपट गोंद काचेजवळ वापरू नये, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते, हे मला ठाऊक होते. म्हणून सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला. धडाचे दोन्ही भाग जुळवून, सांधा घासून गुळगुळीत केल्यानंतर खिडक्यांवर टेप दाबताना डावीकडची मागून तिसरी खिडकी आत पडली आणि विमान हलवले की खुळखुळ्यासारखी वाजू लागली. धड पुन्हा उकलणे शक्य नव्हते. डॉक्टरांनी दातांच्या सळईने पारदर्शक गोंदाचा थेंब त्या चौकोनात कडेकडेने फिरवून साबणाच्या फुग्यासारखा पडदा ओढला. तो वाळल्यावर काच तयार झाली. पाच-सहा मिलीमीटरच्या खिडकीला हा उपाय इतका बरा ठरला की सगळ्याच खिडक्या अशा केल्या असत्या तर बरे झाले असते, असे आता वाटते. पडलेली खिडकी अजून आतच आहे.

रंगकाम हा या संचाचा नव्हे तर आमच्या हवामानाचा विषय आहे. परंतु जो वाचक यवतमाळ, वर्धा किंवा अकोल्याकडच्या खेड्यात हे काम करणार आहे त्याला डब्याच्या परीक्षणापेक्षा हाच भाग अधिक लागेल. मे-जूनमध्ये पाण्याचा ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या, म्हणजे हवेने रंग फवारणाऱ्या पिचकारीच्या, सुईच्या टोकावरच वाळतो; जो बाहेर पडतो तो पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत भुकटी झालेला असतो आणि पंख हाताला पॉलिश पेपरसारखा लागतो. रंगात वाळणे लांबवणारे द्रव्य थोडे मिसळणे आणि पहाटे पाच ते सात या वेळेतच फवारणे, एवढे दोन उपाय आहेत. टामिया कंपनीचा पातळ गोंदही दुपारी कुंचल्यावरच उडून जातो. त्यासाठी आधी दोन्ही भाग घट्ट धरावेत आणि मग भरलेला कुंचला फटीला नुसता टेकवावा, गोंद आपोआप आत ओढला जातो आणि प्लास्टिक विरघळून एकजीव होते. पावसाळ्यात उलट अडचण येते. हवेतील दमटपणामुळे लॅकरचा चकचकीत थर दुधाळ पडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी फक्त घासकाम केले. सुरुवातीला पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरून पाहिला, तेव्हा हवेबरोबर पाण्याचे थेंब आले आणि पंखाच्या खालच्या बाजूला देवीच्या व्रणांसारखे ठिपके उठले. पाणी अडवणारी बाटली जोडल्याशिवाय कोणत्याही कॉम्प्रेसरला एअरब्रश लावू नये. विजेचा भरवसा नसल्याने तीन लिटरची टाकी असलेला छोटा कॉम्प्रेसर घेतला. मधेच वीज गेली तरी हातातला थर पूर्ण होण्याइतकी हवा त्यात उरते.

लॅकरचे पातळ करण्याचे द्रव्य ज्वालाग्राही असल्यामुळे ते विमानाने पाठवले जात नाही आणि रस्त्याने येण्यास आमच्याकडे दोन आठवडे लागतात. त्यामुळे गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानातील एन. सी. थिनर वापरण्याचा मोह होतो. एअरब्रश धुण्यास ते उत्तम आहे, पण नुसते ते प्लास्टिकला लागले तर पंख वितळतो, हे लक्षात ठेवावे. त्याच दुकानातील एन. सी. पुट्टी मात्र सांध्यांसाठी चालते. थर पातळ द्यावा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. परदेशी पुट्टीच्या छोट्या नळीपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते आणि घासण्यासही सोपी आहे.

काकांच्या छायाचित्रातील विमानाचे छप्पर पांढरे आणि बाकीचे अंग उघड्या धातूचे आहे. छप्पर पांढरे करण्यामागे शोभेचा हेतू नसून उन्हात उभ्या विमानाच्या आतला ताप कमी व्हावा हा हेतू असतो, हे ऐकून आमच्या गावातील चुन्याने सारवलेल्या स्लॅबची आठवण झाली. उघड्या धातूचा आभास निर्माण करण्यासाठी आधी चकचकीत काळा थर द्यावा लागतो आणि त्यावर धातूच्या बारीक कणांचा लॅकर अगदी हलक्या हाताने फवारावा लागतो. काळा थर जितका आरशासारखा, तितका वरचा धातू खरा दिसतो. उलट त्याखालचा एक ओरखडाही लपत नाही. डिसेंबरमध्ये हवा कोरडी आणि थंड होती, म्हणून हा काळ मी निवडला, आणि येथेच सपशेल फसलो. त्या दिवसांत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, भाव वाढेल या आशेने, कापूस भरून ठेवलेला होता. मागच्या खोलीत दार लावून फवारणी केली, तरी सकाळी उजेडात पाहिले तेव्हा काळ्या धडावर पांढरे तंतू आडवेतिडवे चिकटलेले होते. मी अकरा मोजले आणि पुढे मोजणे सोडून दिले. चिमट्याने उपटायला गेल्यावर रंगासकट निघाले. सगळा थर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून काढून, न्हाणीघराच्या फरशीवर आणि भिंतीवर पाणी मारून धूळ बसवली आणि तेथे, अंगातले सुती कपडे काढून, जुना टेरीकॉटचा सदरा घालून पुन्हा फवारले. त्या खेपेला थर निर्मळ आला.

धातूचा रंग चढल्यावर मला विमान पूर्ण झाल्यासारखे वाटले होते. काका म्हणाले, "सगळ्या अंगाले एकच रंग कसा देल्ला?" डकोटाचे सुकाणू, शेपटीवरील आडवे हलणारे भाग आणि पंखांच्या टोकांकडील ॲलेरॉन हे हलणारे भाग यांच्यावर पत्रा नसून कापड ताणलेले असते आणि त्यावर चंदेरी रोगण असते, त्यामुळे ते भाग धातूसारखे चमकत नाहीत, मंद राखाडी दिसतात. संचाच्या साच्यात या भागांवर कापडाखालच्या पट्ट्यांचे उठाव छान दाखवले आहेत, मात्र पुस्तिकेतील रंगाच्या यादीत सगळ्यांसाठी एकच क्रमांक दिला आहे. बाकीचे विमान टेपने झाकून हे पाच भाग मी मंद चंदेरी रंगवले, आणि नुसत्या या एका बदलाने विमान प्लास्टिकचे वाटेनासे झाले.

डिकलच्या पत्रकात ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोनच रूपे दिलेली आहेत. पत्रकाची छपाई उत्तम आहे, पण आमच्या उपयोगाची नव्हती. घरच्या प्रिंटरवर पारदर्शक डिकलकागदावर छापून पाहिले. प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही आणि धातूवर लावलेला केशरी विटकरी दिसतो. तेव्हा गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या आर्वीच्या रेडियमवाल्यांकडे गेलो. त्यांच्या प्लॉटरवर, म्हणजे आकार कापणाऱ्या यंत्रावर, हवाई दलाच्या गोल तिरंगी चिन्हासाठी १२ मिलीमीटर व्यासाची वर्तुळे आणि त्यांच्या आतील कडी विनाइलमध्ये कापून घेतली. "चार एमएमच्या खाली ब्लेड वळत नाई गुरुजी, कागदच उपटून येते," असे त्यांनी आधीच बजावले आणि तसेच झाले. मधले हिरवे वर्तुळ साडेचार मिलीमीटरचे ठेवावे लागले. आधी पूर्ण चकती पांढरी फवारली, मग पांढरे राहायचे तेथे कडे चिकटवून बाहेर केशरी आणि आत हिरवा दिला. विनाइलचा गोंद फार कडक असतो, त्याने खालचा धातूचा रंग उचलला जाऊ नये म्हणून प्रत्येक तुकडा आधी हाताच्या पंजावर दोन-तीनदा चिकटवून काढला. सहा वर्तुळांपैकी एकाची कड किंचित फाटली. शेपटीवरील तिरंगी पट्टा साध्या टेपने झाला. विमानाचा क्रमांक मात्र सुट्या अक्षरांच्या डिकलपत्रकातून एकेक अक्षर उचलून लावला, कारण ती अक्षरे ब्लेडच्या मर्यादेपेक्षा लहान होती. रेडियमवाल्यांनी या सगळ्याचे ६० रुपये घेतले.

खर्चाचे म्हणाल तर संचाला ४,६०० रुपये पडले आणि रंग, गोंद, टेप, पॉलिश पेपर धरून आणखी जवळपास ३,२०० लागले. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर यांत धरलेले नाहीत. ज्याने पूर्वी एकही विमान बांधलेले नाही त्याने हा संच प्रथम घेऊ नये. एका इंजिनाचे, थोड्या भागांचे छोटे लढाऊ विमान दोन रविवारांत होते आणि त्यात चुका केल्या तरी मन खट्टू होत नाही. ज्याची दोन-तीन विमाने झाली आहेत आणि ज्याला घासकामाचा कंटाळा नाही त्याने हा डकोटा अवश्य घ्यावा. इंजिने, चाके आणि एकूण आकार यांत पैसे वसूल होतात. पंखांच्या रेघा आणि खिडक्या यांसाठी महिनाभर वेगळा काढून ठेवावा. घ्यायचा असल्यास ऑक्टोबरनंतर मागवावा आणि पार्सल आल्याचा निरोप मिळताच स्वतः जाऊन उचलावे, गोदामात राहू देऊ नये. मागवताना भारतीय हवाई दलाचे डिकल वेगळे मिळतात का ते विक्रेत्याला विचारावे. मी ते विचारायला विसरलो.

बदली पंखाबद्दल मी आशा सोडली होती. ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे पाच महिन्यांनी, तो एका लहान पाकिटात विनामूल्य आला, अगदी सरळ. तोपर्यंत गव्हाच्या पिशवीखाली सरळ केलेला पंख विमानाला चिकटून त्यावर प्रायमरही चढला होता. नवा पंख आता रंगाच्या चाचणीसाठी वापरतो. त्यावर सध्या चंदेरीच्या तीन छटा आहेत आणि काकांनी त्यांतली मधली पसंत केली आहे.